आबांच्या डोक्याचं माप

समस्त थंडी वाजणाऱ्या जनतेस कळवण्यात येते की, धुळे जिल्ह्यात मोजण्यात आलेले एक डोके सदोष रीतीने मोजले गेले असून, त्या मापावर बेतलेल्या सर्व टोप्या संबंधितांनी विनाविलंब उसवाव्यात.

हे निवेदन मी खरोखरच लिहिलं होतं, फक्त थोड्या साध्या भाषेत, आणि ज्यांना पाठवलं त्या पाचही बायकांनी माझ्या टोप्या आधीच उसवलेल्या होत्या.

मी जळगावला एका शाळेत गणित शिकवते आणि उरलेल्या वेळात विणते. वीस वर्षं दुसऱ्यांचे नमुने विणले. विणकामाचा नमुना म्हणजे पाककृतीसारखाच प्रकार. सुईवर किती टाके घालायचे, कुठे सुलट, कुठे उलट, माथ्याशी आल्यावर कुठे दोन टाक्यांचा एक करायचा, हे सगळं असं लिहायचं की तुम्हाला कधीही न भेटलेल्या बाईच्या हातून तुमची टोपी निघावी. असा एक तरी नमुना माझ्या नावावर असावा, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती. विणकाम करणाऱ्या मराठी बायकांचा इंटरनेटवर एक गट आहे. तो दर हिवाळ्यात निवडक नमुन्यांचा संग्रह काढतो. त्यात मला जायचं होतं.

टोपी मला सासरी सुचली. सासर दोंडाईचाजवळच्या खेड्यात. दिवाळीला गेलो तेव्हा शेतात कापूस फुटला होता. फुटलेलं बोंड नीट पाहिलंत तर चार तपकिरी पाकळ्या उलगडलेल्या असतात आणि मधून पांढरा गोळा बाहेर आलेला असतो. तेच मी टोपीच्या माथ्यावर आणलं. खाली हिरवट तपकिरी पट्टा, वर चार टोकं आणि मधोमध पांढऱ्या लोकरीचा गोंडा. नाव ठेवलं ‘बोंड’. स्टाफरूममध्ये दाखवल्यावर मराठीच्या बाई म्हणाल्या, ‘‘डोक्यावर पीक आलंय.’’ मी ते कौतुक समजले.

आता टोपीला डोकं लागतं. ते मी सासऱ्यांचं निवडलं. आबा म्हणजे उंच, सडपातळ, भरघोस पांढऱ्या मिशांचे, आवाज असा की गोठ्यातली म्हैस बसलेली उठावी. त्यांना फोटोची आवड होती, हेही मला ठाऊक होतं. सुनेनं सासऱ्यांच्या डोक्याला टेप लावायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून ते काम आमच्या घरच्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, केलं. वडिलांच्या मागे उभं राहून त्यांनी पुकारलं, ‘‘पंचवीस इंच!’’ दारात पदर सावरत उभी राहून मी ते वहीत लिहिलं. ताणासाठी दोन इंच वजा केले. इंचाला पाच टाके. झाले एकशे पंधरा. चार टोकांसाठी चारानं भाग जायला हवा, म्हणून एकशे सोळा. गणितात चूक नव्हती. ती अजूनही नाही.

टोपी तयार झाली. आबांनी ती घातली आणि कापसाच्या ढिगाशेजारी बसून फोटो काढून घेतला. इतका सुंदर फोटो आमच्या घरात दुसरा नाही. गटाच्या प्रमुख बाईंना मी तो पाठवला. त्या निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांच्यापुढे मी पुन्हा सहावीत जाते. त्या म्हणाल्या, ‘‘फोटो पहिल्या पानावर घेते. पण पाचजणींनी विणून पाहिल्याशिवाय नमुना जाणार नाही. रविवारी संग्रह निघतोय.’’

मी गावी फोन करून हे सांगितलं. आबांनी ही बातमी दोंडाईचाच्या बाजारात पोचवली.

पाचजणींचे निरोप एकेक करून आले. नाशिकची म्हणाली, टोपी यजमानांच्या नाकावर थांबली. पुण्याच्या बाईंनी विचारलं, ‘‘ही टोपी आहे की चहाच्या किटलीवर घालायची टीकोझी?’’ नागपूरच्या ताईंचा स्वभाव मोकळा. त्या म्हणाल्या, ‘‘तुमच्याकडे सगळ्यांचीच डोकी एवढी असतात का हो? केळी फार खाता का?’’

मी शिक्षिका असल्यामुळे चूक समोरच्याची असणार हे गृहीत धरलं. तुम्ही सैल विणता, असं पाचजणींना लिहिलं. त्यांनी आपापल्या विणीवर पट्टी ठेवून फोटो पाठवले. पाचहीजणींचे इंचाला पाचच टाके. मग मी लोकरीला दोष दिला. मग सुयांना. मग गुरुवारी प्रमुख बाईंचा फोन आला.

‘‘तुमचा फोटो मोठा करून बघा. आबांच्या कानाच्या वर पांढरं काय दिसतंय?’’

मी पाहिलं. पांढरं जे दिसत होतं ती आबांची टोपी होती. नेहमीची, खादीची, कडक इस्त्रीची. तिच्यावर माझी.

आमच्याकडे थंडी पडली की पुरुष मफलर गुंडाळतात तो टोपीवरून. कानटोपी चढवतात ती टोपीवरून. टोपी हा डोक्याचाच भाग आहे, अशी सर्वांची समजूत आहे आणि माझीही होती. मी लग्न होऊन आल्याला चोवीस वर्षं झाली. मी त्यांच्यासमोर पदर घेते, ते माझ्यासमोर टोपी घालतात. दोघांनीही एकमेकांचं डोकं पाहिलेलं नाही. मुलगा मागे उभा राहून टेप लावत होता, त्यालाही ती टोपी दिसली नाही. त्यानं वडिलांचं डोकं मोजलं होतं.

‘‘दुसऱ्या कुणाचा फोटो पाठवू का?’’ मी विचारलं.

‘‘नको. मला हाच माणूस हवा. आतली टोपी काढून. नाहीतर पुढच्या वर्षी बघू.’’

पुढच्या वर्षी! मी शनिवारी सकाळी घरच्यांना घेऊन जळगावहून गाडीत बसले.

आबा ओट्यावरच्या बाजेवर बसले होते, दाढी करून, नवं धोतर नेसून. पुन्हा फोटो काढायचा एवढंच त्यांना कळवलं होतं. मी नीट प्रस्तावना केली. टाके, ताण, नाशिकच्या यजमानांचं नाक. ते सगळं शांतपणे ऐकत होते. शेवटी मी मुद्द्यावर आले.

‘‘टोपी उतराडू?’’ आबा म्हणाले. ‘‘सूनना समोर?’’

‘‘पाच मिनिटं फक्त, आबा.’’

‘‘लोके काय म्हनतीन?’’

‘‘लोकांना कळणारच नाही. वरून माझी टोपी असेल.’’

‘‘तुले तं कळी ना!’’

घरचे म्हणाले, ‘‘आबा, तुम्ही बाजारात सांगून बसलात. उद्या फोटो नाही आला तर?’’ चोवीस वर्षांत त्यांनी माझ्या बाजूनं केलेलं हे पहिलं भाषण. आबांनी मिशीवरून हात फिरवला. त्यांच्या मनात बाजार आणि मर्यादा यांची कुस्ती चालली होती, आणि बाजार वजनानं जास्त होता.

‘‘मंग तू तिकडे तोंड कर,’’ आबा मला म्हणाले.

मी केलं. भिंतीकडे तोंड, डोक्यावर पदर, हातात वही. शाळेत ही शिक्षा मी खूपजणांना दिली आहे. त्यामुळे पुढे घडलं ते मी पाहिलेलं नाही, फक्त ऐकलेलं आहे. मागे इस्त्रीच्या कापडाचा कडकड आवाज झाला. बाज करकरली. टेप उलगडल्याचं कळलं. आणि घरचे, पहिल्यापेक्षा बरंच हळू, म्हणाले, ‘‘एकवीस.’’

एकवीस! दोन वजा, एकोणीस. पाचानं गुणून पंचाण्णव, चारानं भाग जायला शहाण्णव. चुकीच्या मापापेक्षा नेमके वीस टाके कमी. निघण्याआधी घरच्यांचं डोकं मोजलं ते बावीस भरलं होतं, म्हणून नवी टोपी मी शंभर टाक्यांची करून आणली होती. तीही आबांना किंचित सैल झाली. पण मिशांमुळे ते खपून गेलं, आणि नमुन्यात मी शहाण्णव आणि शंभर अशी दोन मापं दिली. पाचजणींनी रात्रभर जागून ती पुन्हा विणून पाहिली आणि रविवारी संग्रह निघाला. पहिल्या पानावर आबा आहेत. नाशिकच्या यजमानांचं नाक आता उघड्यावर आहे.

पण हे नंतरचं. त्या क्षणी मी भिंतीकडे तोंड करून आकडा लिहीत होते. तेवढ्यात घरातून बांगड्या वाजल्या. माझ्या सासूबाई, अक्का, चहा घेऊन बाहेर आल्या. आबा टोपी काढायचे ती दिवा मालवल्यावर आणि घालायचे ती उजाडायच्या आत, असं त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. कपबशा थांबल्या. मग अक्का, ज्यांनी नवऱ्यासमोर आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा बोलल्या:

‘‘माय वं! इतलुसं डोकं! आनि पन्नास वरीस मी यालेच घाबरत ऱ्हायनू!’’