जामीन राहिलेला पासपोर्ट

इस्माईलभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुबईतल्या ऑफिसात कुणावर तरी खेकसत होतो. कुणावर ते आठवत नाही; मी रोजच कुणावर तरी खेकसतो. पलीकडून त्यांची मुलगी रुकैया म्हणाली, "काका, अब्बा गेले. दुपारी जेवले, आडवे झाले, ते उठलेच नाहीत." मी म्हणालो, "बरं." बरं! ज्या माणसाने माझ्यासाठी जे केलं ते सख्ख्याने केलं नसतं, त्याच्या मरणावर मला एवढा एकच शब्द सुचला. फोन ठेवला आणि अर्धं राहिलेलं खेकसणं पूर्ण केलं. रडू आलं ते तीन दिवसांनी, गाडी पुसताना… आणि मग थांबेचना.

नव्वदच्या दशकात एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ते स्टोअरकीपर होते आणि मी क्वांटिटी सर्व्हेअर. ते राजापूरकडचे, मी पुण्याचा. बायकोला आणण्याइतका माझा पगार होईपर्यंत चार वर्षं शारजाच्या एका खोलीत आमच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. गोडाऊनमधला एक नटसुद्धा ते सहीशिवाय द्यायचे नाहीत, आणि स्वतःचं मात्र कुणी काही मागितलं की काढून द्यायचे. माझ्या तोंडाळपणावर त्यांचं एकच औषध होतं. "विलास, जिभेला जरा ग्रीस लाव रे. फुकट देतो, सहीसुद्धा नको." भारतातला माणूस त्यांच्यासमोर रडला की त्याला आधी जेवायला घालायचे आणि मग विचारायचे, काय झालं. साइटवर लागणारं दहा-वीस शब्दांचं अरबीही मला त्यांनीच शिकवलं.

त्याच दशकाच्या शेवटी, एका फेब्रुवारीत, व्हिएन्नाहून फोन आला. माझा धाकटा भाऊ नंदू तिथे शिकत होता. माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, म्हणजे भाऊ कसला, मुलगाच. बर्फावरून सायकल घसरली, डोक्याला मार लागला, शुद्ध नाही, लवकर या. मी धावत कंपनीच्या मंदूबकडे गेलो. सगळं सरकारी कामकाज तोच बघायचा आणि आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट त्याच्याच तिजोरीत असायचे. तो म्हणाला, "प्रोजेक्ट आधा है. तुम वापस नहीं आया तो? किसी का पासपोर्ट गारंटी में रखो, अपना लो. खलास." म्हणजे मी परत येईपर्यंत दुसऱ्या कुणाचा तरी पासपोर्ट जामीन राहणार. तिथल्या तिथे चार जणांना विचारलं. चौघेही जमिनीकडे बघायला लागले. इस्माईलभाईंची सुट्टी पंधरा दिवसांवर आली होती, म्हणून त्यांचा पासपोर्ट नुकताच त्यांच्या हातात आला होता. दोन वर्षांनी घरी निघाले होते, ऐंशी उलटलेल्या, दम्याने बेजार असलेल्या आईला भेटायला. त्यांनी खिशातून पासपोर्ट काढला आणि टेबलावर ठेवला.

"अहो, तुमची सुट्टी…"

"तू आठ दिवसांत येशील ना? मग झालं तर. यल्ला, व्हिसाच्या मागे लाग."

आठ दिवस, असं मी कबूल केलं. दोन दिवसांनी निघताना त्यांनी गोडाऊनमधलं शीतगृहातल्या कामगारांचं जाड जाकीट माझ्या अंगावर चढवलं. पाठीवर अरबीत कंपनीचं नाव, हे मोठ्ठं.

दुबईहून व्हिएन्ना खरं तर सहा तासांवर. पण मला मिळालेलं तिकीट बहारीन आणि अथेन्स करत जाणारं होतं, आणि अथेन्सला विमान बिघडलं. दर तासाला "अजून एक तास" असं सांगत त्यांनी अख्खा दिवस काढला. तीस तास तरी मी खुर्च्यांवर बसून होतो, पोटात फक्त कॉफी. व्हिएन्नाला उतरलो तेव्हा पाय इतके सुजले होते की बूट चढेनात. टाचा दाबून चपलेसारखे घातले आणि फरपटत निघालो. इमिग्रेशनवाल्याने विचारलं, किती दिवस? मी जवळजवळ ओरडलोच, "एट!" बसने शहरात आलो, मग ट्राममध्ये चढलो, भलत्याच थांब्यावर उतरलो. हॉस्पिटलचा पत्ता लिहिलेला कागद बर्फाने भिजला होता आणि त्यावरचा शब्द तर मालगाडीएवढा लांब. सकाळची वेळ, माणसं कामावर निघालेली, मी ज्याला हात करीन तो बाजूने जाई. त्यांचंही काय चुकलं म्हणा! चार दिवसांची दाढी, पाठीवर अरबी अक्षरं, पायात टाचा चेपलेले बूट. आपला नंदू या गावात कुठेतरी मरतोय आणि आपल्याला डावं-उजवं कळत नाही… थांब्याच्या बाकावर बसून मी मोठमोठ्याने रडलो. चाळिशीचा बाप्या, भर चौकात. तेवढ्यात मागे पेपर विकणारा एक इजिप्शियन जाकिटावरची अरबी अक्षरं वाचत जवळ आला. मी त्याचा हातच धरला. "हबीबी, मुस्तशफा! मुस्तशफा!" हॉस्पिटलला अरबीत काय म्हणतात, ते गोडाऊनमध्ये शिकलो होतो. त्याने पेपरचा गठ्ठा दुकानदाराकडे टाकला आणि मला पोरासारखं धरून हॉस्पिटलच्या दारापर्यंत पोचवलं.

नंदू जिवंत होता. हात गरम होता. तीन दिवस मी तो हात धरून बोलत बसलो. रागावलोसुद्धा, बर्फात सायकल कशाला हाणायची म्हणून. चौथ्या दिवशी सकाळी तो गेला. एकदाही डोळे उघडले नाहीत. मी आल्याचं त्याला कळलं की नाही, देव जाणे.

पुढे कागद, शिक्के, शवपेटी, वकिलात… त्यातच आठ दिवस सरले. मी इस्माईलभाईंना फोन केला. म्हणाले, "मयताला एकटं पाठवतात काय रे? सोबत जा." पुण्याला पोचलो. आईने माझा शर्ट मुठीत धरला तो सोडेचना. झोपली तरी मूठ तशीच. पाचव्या दिवशी कोपऱ्यावरच्या बूथवरून पुन्हा शारजाला फोन लावला.

"उद्या निघतो इस्माईलभाई. तुमच्या अम्मा वाट बघत असतील."

"अम्मा ठीक आहे. तेरावं करूनच ये. आईला सोडून येऊ नकोस. नाय म्हणजे नाय."

माझा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला लिहू, मला हेच ऐकायचं होतं. मी पुन्हा विचारलं नाही. एकदासुद्धा नाही.

सगळं आटोपून कंपनीत हजर झालो तेव्हा मंदूबने माझा पासपोर्ट आत टाकला आणि इस्माईलभाईंचा माझ्याकडे फेकला. "उसको दे दो. बेचारे का मदर खलास." खलास हा शब्द आम्ही सिमेंट संपलं की वापरायचो. मी गोडाऊनकडे धावलो. ते हेल्मेटं मोजत होते. अम्मांची तब्येत बिघडल्याची तार मी पुण्याहून फोन केला त्याच्या दोन दिवस आधी आली होती, आणि त्या फोननंतर चार दिवसांनी त्या गेल्या.

"सांगितलं का नाही?" मी ओरडलो. हो, त्यांच्यावरच ओरडलो.

"सांगितलं असतं तर तू आला असतास."

"मग यायलाच हवं होतं मी!"

"ओरडू नको. चहा घे." त्यांनी पासपोर्ट खिशात ठेवला. त्या वर्षी ते गावी गेलेच नाहीत. म्हणाले, आता कुणाला भेटायला जाऊ?

त्यानंतर मी जे केलं ते त्याहून वाईट. मी त्यांना टाळायला लागलो. फेडता येत नाहीत असे उपकार करणाऱ्याचं तोंड माणूस चुकवतो, तसं मी चुकवलं. वर्षभरात दुसरी नोकरी धरली. अर्ध्या तासावर राहत होतो, तरी पहिल्या दोन ईदींना गेलो, मग कामं निघायला लागली. ते कायमचे गावी निघाले तेव्हा एअरपोर्टवर गेलो खरा, पण बॅगेच्या वजनावरच बोलत राहिलो. माफी मागायची म्हणून गेलो होतो. पुढल्या सुट्टीत गावीच जाऊन मागू, असं ठरवलं. तीन सुट्ट्या गेल्या.

ते गेल्यावर तीन आठवड्यांनी मी त्यांच्या घरी पोचलो. भाभी इद्दतीत, नवऱ्यामागच्या एकांतवासात, म्हणून पडद्यापलीकडून बोलत होत्या. रुकैयाने मला अब्बांच्या खोलीत बसवलं. खाट, खिडकी, भिंतीवर एक कॅलेंडर. तिने उशी उचलली आणि खालचा पासपोर्ट माझ्या हातात दिला. "इथे आल्यापासून रोज उशाखाली घेऊन झोपायचे. मुदत संपली, तरी. मी हसायचे, तर म्हणायचे, बोलावणं आलं तर निघता आलं पाहिजे. काका, कसलं बोलावणं हो? इथेच तर होते ते."

तेवढ्यात पडद्यामागून भाभी म्हणाल्या, "विलासभाई, तुम्ही तेव्हा सोबत होतात. अम्मांच्या मातीला हे का नाही आले? गाव म्हणतं, ओव्हरटाइमसाठी थांबले. मोठ्या दिरांनी तर त्या दिवसापासून बोलणंच टाकलं. मीसुद्धा एकदा बोलले… पैशाची हाव म्हणाले. तर नुसते हसले."

म्हणजे त्यांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं! माझं नाव निघू नये म्हणून हा माणूस बायकोचे टोमणे खात बसला, सख्ख्या भावाला मुकला. मी सगळं सांगितलं, व्हिएन्नापासून बूथवरच्या फोनपर्यंत, काही लपवलं नाही. पडद्यामागे भाभींचा हुंदका आला आणि दाबला गेला. रुकैया उठून शेजारच्या घरातून मोठ्या काकांना, कासमभाईंना घेऊन आली. "यांच्यासमोर पुन्हा सांगा," म्हणाली. मी पुन्हा सांगितलं. म्हातारा काठीवर हनुवटी टेकून ऐकत राहिला.

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही तेव्हा पुण्यात होतात?"

"हो."

"पुणं इथून एसटीने एका रात्रीवर." ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं, राग मला कळतो. "तुम्ही तरी यायचं होतंत. त्याच्या वाटची माती तुम्ही दिली असतीत."

मला ठाऊक नव्हतं, एवढंच म्हणायचं होतं, तेही म्हणवलं नाही. कारण विचारलं असतं तर कळलं असतं. कासमभाईंनी माझ्या हातातून पासपोर्ट घेतला, उघडून भावाच्या फोटोकडे पाहिलं, उपरण्याने पुसला आणि पुन्हा उशीखाली सरकवला. तीन आठवडे झाले होते, तरी त्या खाटेवरची चादर अजून कुणी काढली नव्हती.