शिव्यांची मामी

लोक आमच्या मामीला लग्नाचं आमंत्रण द्यायचे ते तिने येऊन शिव्या द्याव्यात म्हणून. अर्जुनी मोरगावच्या आसपास कुठेही मुलीचं लग्न ठरलं की कुणीतरी दारात उभं असायचंच. "मामी, तुम्ही आल्याबिगर वऱ्हाडाले जेवण गोड लागत नाही जी." मामी हातातलं सूप खाली न ठेवता म्हणायची, "येतो. पण मांगून कोणी तोंड फुगवाचं नाही." ती माझ्या आईच्या सख्ख्या भावाची बायको, म्हणजे मामी माझी, पण सगळा तालुका तिला मामीच म्हणायचा आणि पाठीमागे 'शिव्यांची मामी'.

वऱ्हाड पंगतीला बसलं, पानात भात पडला की मामी मुलीकडच्या बायकांच्या पुढे येऊन बसायची, पदर डोक्यावर घ्यायची आणि सुरू व्हायची. या गाण्यांना आमच्याकडे गाऱ्या म्हणतात. नवरदेवाच्या बापापासून ते बॅन्डवाल्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार. एकदा एका नवरदेवाचा मामा तिच्या नजरेतून सुटला. पंगत उठली तरी हा गडी बसलेलाच. "मले काऊन नाही? मी काय परका आहो?" मामीने तिथल्या तिथे जुळवलं:

नवरदेवाचा मामा मिशीले तूप लावते,
घरी बायकोसमोर गुपचूप भांडे घासते.

तेव्हा कुठे स्वारी हात धुवायला उठली. मामी म्हणायची, "ज्याले गारी नाही भेटली तो सोयरा नाही झाला. तो नुसता जेवून गेला."

ती तोंडाला येईल ते बोलते असं ज्यांना वाटायचं, त्यांना तिची आदल्या दिवशीची चौकशी माहीत नव्हती. वऱ्हाडात कोण कोण येणार हे ती विचारून घ्यायची, आणि मग हळूच, कुणाचं काय दुखतं तेही. कुणाचं लेकरू गेलं, कोणती पोर माहेरी परत आलीय, कोण दारूपायी बदनाम आहे. हे सगळं गाण्यात येऊ नये म्हणून. टकलावर, ढेरीवर, अधाशीपणावर मात्र कुऱ्हाड. मला तिच्या गळ्यापेक्षा हे जास्त मोठं वाटत आलं आहे.

गाऱ्या संपल्या की विहीण स्वतःच्या हाताने मामीला विड्याचं पान द्यायची. पान तोंडात गेलं की शिव्या फिटल्या. मग दोघी गळ्यात गळे घालून बसायच्या, लहानपणापासूनच्या मैत्रिणी असाव्यात तशा.

पुढे लग्नं लॉनवर गेली, पंगतीच्या जागी बुफे आला, डीजे आला. "हातात प्लेट घेऊन फिरून राहिलेल्या माणसाले गारी लागन कशी?" मामी कुरकुरायची. माझ्या लेकीच्या, प्राचीच्या लग्नात मी हट्टच धरला. लग्न गोंदियाच्या लॉनवर असलं तरी वरपक्षाची एक पंगत बसेल, डीजे तेवढा वेळ बंद राहील आणि मामी गाईल. वरपक्ष नागपूरचा, पण विहीणबाईंचं माहेर आमच्याच भागातलं, बोदलकशाच्या बाजूचं. त्यांना गाऱ्या काही नव्या नव्हत्या.

मामीने सुरू केलं:

विहीण बसली जेवाले इकडेतिकडे पाहून,
पाच वडे घरी नेते पदरात बांधून.

विहीणबाईंनी काय करावं? खरंच एक वडा उचलला, पदरात बांधला आणि पंगतीतून मिरवत निघाल्या. माणसं हसून हसून आडवी झाली. त्यांनी मामीला पान भरवलं. त्या दुपारी दोन घरं एक झाली, असं मला अगदी आतून वाटलं.

हे सगळं कॅनडात बसलेला जावयाचा थोरला भाऊ मोबाईलवर पाहत होता. त्याला रजा मिळाली नव्हती, म्हणून लग्न त्याच्यापर्यंत पोचवायची सोय केलेली. त्यातला मिनिटभराचा तुकडा कुणीतरी कापून पुढे पाठवला, खाली इंग्रजीत अर्थही दिला. त्यात वडा होता, पान नव्हतं. त्याच्या ओळखीच्यांनी विचारलं, "तुझ्या आईला भर मांडवात चोर म्हटलं आणि कुणी उठलंसुद्धा नाही?" तो शरमला. त्याने आईला फोन केला, आणि पदरात वडा बांधून मिरवणाऱ्या आमच्या विहीणबाई त्याला म्हणाल्या, "मला तरी कुठे आवडलं होतं."

चार दिवसांत प्राचीचा रडत फोन आला. घरात कुणी तिच्याशी धड बोलत नव्हतं. सासरच्यांना मामीची माफी हवी होती, तीही मोबाईलवर, सगळ्यांना दिसेल अशी. मला संताप आला. मी काही बोलणार तोच शेजारी बसलेली मामी म्हणाली, "लाव तो फोन. लेकीच्या संसारापुढं माहं तोंड काय मोठं आहे?"

तिने पदर डोक्यावर घेतला, गाताना घ्यायची तसाच. फोनकडे बघून म्हणाली, "बाबू, मी तुमच्या आईले चोर नाही म्हनलं. तरी चुकलं म्हनतो. माह्या नातीले सुखात राहू द्या." मग मला विचारलं, "पोचलं काय तिकडं?"

पोचलं. प्राचीचं घर पुन्हा सुरळीत झालं. मामी मात्र त्या दिवसापासून गायली नाही. आमंत्रणं आली, ती हात जोडायची. मी एकदा फार मागे लागले तेव्हा म्हणाली, "अख्ख्या वऱ्हाडाचं दुखणं मी इचारून घेतलं होतं, बाई. कॅनडातल्या माणसाचं कोणाले इचारू?"

आणि विहीणबाईंशी ती अतिशय आदराने वागू लागली. या जी, बसा जी. हीच मामी कलेक्टरलासुद्धा 'काय गा' म्हणाली असती.

ती गेली त्याच्या महिनाभर आधी विहीणबाई नागपूरहून तिला भेटायला आल्या. मामी खाटेवर होती, दम लागत होता. विहीणबाई खाली जमिनीवर बसल्या आणि पर्समधून पानाचा विडा काढला. घरून लावून आणला होता.

मामीने हात जोडले. "असू द्या जी. गारी देल्ली नाही तं पान कायचं घेऊ?"

विहीणबाईंचा नागपुरी थाट गळून पडला. "मंग द्या ना मामी," त्या म्हणाल्या. "आता तं कोनाच्या हातात फोन बी नाही."

मामीचे ओठ हलले. मला वाटलं, आता सुरू करते. पण तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि मला हाक मारली.

"वो बाई, पाहुण्यायसाठी चाय मांड."