उष्ट्या हळदीवर आम्लाचे थेंब

पिवळ्याधमक पदार्थावर माझा काडीचा विश्वास नाही. नाशिकच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळत माझी उमेदीची वर्षं गेली, त्याचा हा परिणाम. मेटॅनिल यलो नावाचा एक कृत्रिम रंग असतो. कापडाला चालतो, खाण्यात घालायला बंदी आहे. पण स्वस्त, पाण्यात लगेच विरघळणारा, चिमूटभर लावला की शिळी तूरडाळसुद्धा नव्यासारखी चमकते. आम्ल पडलं की मात्र त्याचं सोंग उतरतं, पिवळ्याचा गुलाबी होतो. म्हणून हायड्रोक्लोरिक आम्लाची इवलीशी बाटली मी जवळ बाळगायचे. जिलबी, बुंदी, डाळ, काही सोडलं नाही. घरच्यांनी हात टेकले होते.

लेकीच्या लग्नातही ती बाटली माझ्या बॅगेत होती. सासरची माणसं सटाण्याची, हसरी आणि अघळपघळ. त्यांनी काही म्हणता काही मागितलं नाही. एवढं चांगलं कोणी कसं असेल, हे मला पटतच नव्हतं.

हळदीच्या सकाळी, नवऱ्या मुलाला लावून उरलेली उष्टी हळद विहीणबाई स्वतः वाटीतून घेऊन आल्या.

"घरनी हयद शे. लावा पोरले," म्हणाल्या.

घरची म्हणे! मला रंग जरा जास्तच गर्द वाटला. वाटी घेऊन मी आतल्या खोलीत गेले, बशीत चिमूटभर हळद काढून वर आम्लाचे थेंब टाकले. गुलाबी! उरलेली हळद मी बेसिनमध्ये ओतली, माझ्या डब्यातली तपासलेली हळद त्याच वाटीत कालवली आणि लेकीला लावायला दिली.

बाहेर बायकांची गाणी रंगली तेव्हा मला आठवलं. अस्सल हळदही तीव्र आम्लात गुलाबी होते. पाणी घातल्यावर गुलाबी गेला तर हळद, राहिला तर मेटॅनिल यलो. कॉलेजातल्या पोरांना हे दर वर्षी मीच बजावते. धावत आत जाऊन बशीत पाणी ओतलं. गुलाबी पार नाहीसा झाला, साधा पिवळा उरला. मला माझीच लाज वाटली.

बाहेर आले तर विहीणबाई लेकीचा हात हातात घेऊन निरखत होत्या.

"ही आमनी हयद नही," त्या म्हणाल्या.

खोटं बोलता आलं असतं, पण लेक माझ्याकडे टक लावून बघत होती. मी सगळं सांगून टाकलं. विहीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. माझ्याशी नेहमी अहिराणीत बोलणाऱ्या त्या, आता शाळेतल्या बाईंसारख्या शुद्ध मराठीत बोलल्या.

"शंका हळदीची होती, की आमची?"

"तुमची," मी म्हणाले.

लेकीनं माझ्याकडे पाठ केली आणि विहीणबाईंचा हात घट्ट धरला.