वस्तरा चुकला म्हणून

चाळीस वर्षांत न्हावीकाकांचा वस्तरा एकदाच चुकला, तोही निवृत्त मास्तरांच्या गालावर. जखम तिळाएवढी, पण तुरटी फिरवून हात दुखला तरी रक्त थांबेना.

"मास्तर, नवीन काय खाताय?" काकांनी दरडावलं.

"आंबवलेल्या सोयाबीनची कॅप्सूल. हृदयाला चांगली म्हणे."

मास्तरांची रक्त पातळ करणारी जुनी गोळी चालूच होती, हे काकांना ठाऊक होतं. काकांनी अर्ध्या दाढीचा फेस तसाच ठेवून मास्तरांना डॉक्टरांकडे नेलं.

"दोन्ही मिळून रक्त गोठू देत नाहीत. गालावर कळलं म्हणून वाचलात, डोक्यात रक्तस्राव झाला असता तर? मला विचारायचं तरी!" म्हणत डॉक्टरांनी कॅप्सूल बंद केली.

काका अजून माफी मागतात. मास्तर मात्र दर रविवारी आरशात तो व्रण शोधतात आणि सापडला नाही की हिरमुसतात.