बायनाबाईची वेगळी पाळी

बायनाबाई एका जागी बसली आहे असं दिंद्रुडच्या शिवारात कुणी सांगितलं, तर लोक आधी तिची तब्येत विचारतील. भाकर ती उभ्यानं खाते. लग्नाच्या पंगतीत बळंच बसवली तर दुसऱ्या घासाला उठून वाढायला लागते. नवरा गेल्यापासून तर पायांना जास्तच घाई झाली. थोडंसं रान, एक म्हैस आणि कालव्याचं पाणी, या तिघांतलं कुणीतरी आपल्याला फसवणार, असं तिच्या मनानं घेतलेलं.

म्हशीनं काही तिला फसवलं नाही. पाण्यानं मात्र वर्षानुवर्षं फसवलं. तिचं रान कालव्यातून फुटणाऱ्या चारीच्या अगदी शेवटाला, म्हणजे टेलला. वरचे लोक उसाला पाणी पाजता पाजता खाली काही उरूच द्यायचे नाहीत. टेलला यायचा तो नुसता पालापाचोळा. मग सरकारचा कायदा आला, शेतकऱ्यांची पाणी वापर संस्था झाली, आणि संस्थेनं ठरवलं की पाणी आधी टेलला द्यायचं, मग पाळी एकेक रान वर सरकायची. ऐकून बायनाबाईला आनंद झाला आणि लागलीच शंका आली. तिला दोन्ही जोडीनंच येतात.

शंका यायला घरातलंच कारण होतं. तिच्या बांधाला लागून धाकट्या दिराचं, अंगदचं रान. सासऱ्यानं जमीन तोंडी वाटून दिलेली. सातबाऱ्यावर दोघांची नावं अजून एकत्रच. तहसीलला जाऊन वाटणी कागदावर आणू, म्हणून बायनाबाई त्याच्या मागं लागली. अंगद म्हणायचा, पेरणी होऊ द्या. मग म्हणायचा, काढणी होऊ द्या. मग इलेक्शन होऊ द्या. आणि एकदा त्यानं न विचारता तिचा बांध फोडून आपलं पाणी नेलं. त्या दिवशी ती थेट संस्थेत गेली. माझं रान वेगळं, माझी पाळी वेगळी धरा, माझ्या बांधाला दुसऱ्यानं हात लावू नये, असा अर्ज अंगठा ठोकून दिला. संस्थेनं मानलं. तेव्हापासून टेलला पाळ्या दोन झाल्या, आधी तिची, मग त्याची. दीर-भावजयीचं बोलणं मात्र बंद.

यंदा रब्बीचं शेवटचं पाणी सुटलं तेव्हा तिचा गहू ओंबीवर आला होता. हे पाणी चुकलं तर दाणा भरायचा नाही, आणि वर्षाची भाकर-पोळी त्याच गव्हावर.

म्हणून दिवस उगवायलाच ती काठी घेऊन चारीच्या कडेनं वर निघाली. तिला खात्री होती, पाणी चोरीला जाणार ते वरच्या अंगालाच. मोहनरावांचा ऊस तिथं आहे, आणि चारीत गुपचूप पाईप टाकायची त्यांची जुनी खोड. वाटेत पाणी तिच्या पायाजवळून खाली गेलं. तिनं त्याच्याकडं मायेनं पाहिलं आणि पुढं चालली. दरसाल ते गवतातून रखडत टेलला पोचायला दिवस कलतो.

मोहनराव उसाच्या बांधावरच होते. म्हणाले, "या बायनाबाई. चोर धरायला आलात का? धरा, पण चहा घेऊन धरा."

तिनं चहा उभ्यानंच घेतला आणि चारीतून त्यांच्या उसात पाणी जायच्या दाराशी येरझाऱ्या घालत राहिली. एक गोष्ट तिच्या ध्यानातून गेली. दिवाळीपासून संस्थेच्या लोकांचं डोकं खाऊन तिनंच चारी साफ करून घेतली होती. साफ चारीतलं पाणी रखडत नाही, पळतं.

परत येताना लांबूनच तिला अंगदच्या हरभऱ्यात बगळे दिसले, कुणी धुणं वाळत घातल्यागत. बगळे म्हणजे पाणी. चोर वर नव्हता तर, घरातच होता. एवढ्या वर्षांत न बोललेलं सगळं तिनं चालता चालता ओळीनं लावून ठेवलं.

पण रानात आली आणि पाय थांबले. तिच्याच पाटाला, गव्हाच्या अलीकडं, उंदराच्या बिळापाशी भगदाड पडलं होतं. तिच्या पाळीचं सगळं पाणी त्यातून शेजारच्या सखल हरभऱ्यात गेलेलं. गव्हाच्या भेगा कोरड्या. आणि अंगद मांडीवर फावडं घेऊन बांधावर बसलेला.

"बघत बसलात नुसते?"

"बांधाला हात लावू न्हाई म्हणून तुमीच अर्ज दिल्ता, वैनी. न्हाई लावला." मग म्हणाला, "फोन लावल्ता. लई येळ वाजला."

फोन घरी उशीखाली होता. बायनाबाईनं फावडं हिसकून घेतलं आणि भगदाड बुजवायला लागली. हरभरा घोट्याएवढ्या पाण्यात उभा होता. त्याला एवढं पाणी म्हणजे मुळं सडणार, हे लेकरालाही कळतं. हा माणूस हट्टानं बसला होता की अर्जाला भिऊन, तिला कळेना. त्यालाही कळलं असेल असं नाही.

तेवढ्यात पाळ्या सांभाळणारा पाटकरी शहादेव आला. बायनामायचे तास सरले, म्हणत त्यानं तिच्या रानाचं तोंड बंद केलं. आता अंगदची पाळी. अंगद म्हणाला, मला पाणी काय करायचंय, हरभरा पोहायला शिकवू का? मग वरच्या रानाला सोडतो, म्हणून शहादेवनं त्यांना कळवायला खिशातून फोन काढला.

बायनाबाई गव्हाकडं गेली. बांधाकडं आली. पुन्हा गव्हाकडं गेली. शेवटी शहादेवला म्हणाली, याची पाळी माझ्या गव्हाला वळव की बाबा. शहादेवनं मान हलवली. एकाचं पाणी दुसऱ्याच्या रानात गेलेलं संस्थेला चालत नाही. आज हे चालवलं तर उद्या वरचे लोक टेलच्या पाळ्याच विकत घेतील. रान एकाच खात्याचं असतं तर गोष्ट वेगळी. सातबारा एकच आहे म्हणा, पण मायनंच तर वेगळं करून मागितलं होतं.

तिला कळलं. रान एकच म्हणायचं, तेही अंगदच्या तोंडावर, पाटकऱ्याच्या साक्षीनं. उद्या वाटणीचं नाव काढलं की तो हेच पुढं करणार. न म्हणावं तर पाणी आत्ता वर चाललं. शहादेवचा फोन कानाला लागलेला.

"थांब," ती म्हणाली. "रान एकच हाय. माझा अर्ज माघारी घेते."

शहादेवनं अंगदकडं पाहिलं.

"एकच हाय," अंगद म्हणाला. "वाटणी कुठं झाली आजून?"

ते तिला काट्यासारखं लागलं, पण बोलायला सवड नव्हती. शहादेवनं पाणी सोडलं आणि ती त्याच्यापुढं धावली. एक वाफा भरेपर्यंत पुढचा फोडायची, आणि मागं वळून बिळाकडं बघायची. एक चक्कर, दुसरी चक्कर. दिवस कलला तोवर कडेच्या दोन वाफ्यांशिवाय सगळा गहू भिजला. अंगदनं तोवर कुदळीनं हरभऱ्यातून ओढ्याकडं चर काढायला घेतला होता.

"गहू निघाला की तहसीलला जायचं," ती त्याच्या मागं जाऊन म्हणाली.

"जाऊ की."

"कवा? तारीख सांगा, भावजी."

"आधी हरभरा जगतो का ते बघू."

या 'जाऊ की'चा तिला काडीचा भरवसा नव्हता. तिनं चराकडं पाहिलं. पाणी ओढ्याकडं निघालं होतं, पण सावकाश, आणि सावकाश म्हटलं की बायनाबाईच्या अंगाला खाज सुटते. तिनं पदर खोचला, फावडं घेतलं आणि चर खालच्या टोकाकडून फोडत त्याच्याकडं येऊ लागली.