काडतूस मिळते का?

माझे काका टर्नर होते. केसाएवढ्या फरकावरून वाद घालायचे, म्हणून कारखान्यात त्यांना सगळे 'दशांश' म्हणत. माणूस सुतावरून स्वर्ग गाठणारा नव्हे. सूतच दोनदा मोजणारा.

त्यांच्या खोलीत आजोबांची रायफल टांगलेली होती. आजोबा वनरक्षक होते आणि त्यांची म्हणावी अशी घरात तेवढीच वस्तू उरली होती. तिचं काडतूस कधीच बनायचं बंद झालेलं, त्याचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. निवृत्तीनंतर काका त्याच्याच मागे लागले. नळीवर कोरलेला आकडा म्हणजे काडतुसाचं माप, असं धरून त्यांनी दोन वर्षं जुने कॅटलॉग पालथे घातले. तो निघाला शस्त्रागारातल्या खणाचा नंबर!

"अहो, हे म्हणजे घराच्या नंबरावरून चपलेचं माप काढणं झालं," काकू म्हणाली.

मग काकांनी गंधक वितळवून नळीत, जिथे काडतूस बसतं त्या जागी ओतलं. थिजलेला ठसा काढून मोजला आणि ती मापं ओळखी-अनोळखी संग्राहकांना पाठवली. सहाव्या वर्षी एका बंदूकवाल्याच्या माळ्यावर गंजक्या डब्यात पाच काडतुसं सापडली. तंतोतंत तीच! परवाना नसल्यामुळे डबा दुकानातच राहिला, पण काकांनी संग्राहकांच्या मासिकात लेख लिहिला. मला तो फोनवर दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्या वेळी मी नुसता हुंकार भरत होतो, याची आता लाज वाटते.

त्याच वर्षी जुन्या शस्त्रांची फेरनोंदणी निघाली. अर्जात एक प्रश्न होता: काडतूस मिळते का? काकांनी झोकात 'होय' लिहिलं आणि वर लेखाची प्रत जोडली.

नोंदणी कचेरीतल्या खिडकीवरच्या बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो काका, काडतूस मिळत नाही म्हणून तर ही शोभेची वस्तू होती. मिळतं म्हटलं की झालं हत्यार. तेही विनापरवाना."

"मग परवाना द्या."

"साठीनंतर नवा देत नाहीत."

"बरं, खोडून 'नाही' लिहितो."

"आणि हे छापून आलंय, त्याचं काय?"

आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतलेला. मी वकील गाठला, साहेबांच्या हातापाया पडलो. सगळे हळहळले, पण कुणाचंच काही चालेना. रायफल जमा झाली आणि महिन्याभरात कापून भंगारात गेली. इतकं हतबल मला कधीच वाटलं नव्हतं.

परवा परदेशातल्या एका संग्राहकाचं पत्र आलं. त्याच्याकडे तसंच एक काडतूस होतं, पण ते कुठल्या रायफलचं हे त्याला वीस वर्षं कळलं नव्हतं. काकांच्या लेखाचं भाषांतर वाचून तो हरखून गेला होता. नळीचं तोंडाकडचं माप तेवढं कळवाल का, असं त्याने विचारलं होतं. काकांना त्याची भाषा येत नाही, म्हणून उत्तर मी लिहायला बसलो.

"लिही, उद्या मोजून कळवतो," काका चटकन बोलून गेले.

मी 'उद्या' एवढं लिहिलं, आणि काकांची नजर भिंतीवरच्या रिकाम्या खुंटीवर गेली.