पूजेतला गठ्ठा

"मॅडम, मायग्रेशन मी तुमच्याकडेच दिलंय. ओरिजनल."

"मग मी काय खाल्लं का ते?"

हे माझंच वाक्य. आजही आठवलं की कानशिलं तापतात.

कल्याणजवळच्या एका विद्यापीठ उपकेंद्रात मी प्रोग्रॅम मॅनेजर होते. समोर योगिता उभी होती, मोहने गावाहून येणारी, एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची. दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्यांना आमच्याकडे एलिजिबिलिटी लागते, म्हणजे प्रवेशाला पात्र असल्याचा शिक्का. तोवर प्रवेश कच्चा. त्यासाठी जुन्या विद्यापीठाचा मूळ मायग्रेशन दाखला हवा. तिचा दाखलाच काय, फाईलच सापडत नव्हती. पाच वाजता यादी मुख्यालयात जाणार होती. त्यात नाव नसलं की प्रवेश रद्द, वर्ष वाया.

ती चौथ्यांदा आली होती. तीनदा मी तिला "घरी नीट शोध" म्हणून पिटाळलं होतं.

डायरेक्टर सर केबिनमधून बाहेर आले. "काय झालं?"

"सर, पोरं घरी हरवतात आणि खापर आपल्यावर."

"पोच आहे तिच्याकडे?"

पोच आम्ही देतच नव्हतो. विद्यापीठात आलेला कागद कुठे जातोय, असं मीच सगळ्यांना सांगायचे.

योगिता रडली नाही. म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी तुम्ही लाल कापड कापत होता. टेबलावर झेंडूची पिशवी होती. तुम्हीच बोललात, ठेव त्या गठ्ठ्यावर."

तो गठ्ठा मला तेव्हा कुठे आठवला.

दसऱ्याच्या सुट्टीआधी आम्ही ऑफिसात शस्त्रपूजा करतो. आमची शस्त्रं म्हणजे शिक्के, पंचिंग मशीन, कॉम्प्युटर. त्या वर्षी मला हुक्की आली, रखडलेल्या फाइलीही पूजेला ठेवू, लवकर सुटतील. नौपाड्यातून नवं लाल कापड आणलं, गठ्ठा बांधला, हळदकुंकू वाहिलं. आणि आमच्याकडे लाल कापडात काय बांधतात? निकाली निघालेल्या फाइली. त्या थेट रेकॉर्ड रूममध्ये जातात. वीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला हे सुचू नये!

मी धावत तळमजल्यावर गेले. रेकॉर्ड रूम साळवीकाका सांभाळायचे.

"काका, दसऱ्यानंतर लाल गठ्ठा आला होता?"

"आला ना. मीच उचलला पूजेवरनं. म्हटलं, मॅडमनी यंदा सगळं काम संपवून हात जोडले."

काकांनी गाठ सोडली. आत चार फाइली. सगळ्यात वर योगिताची, मायग्रेशनवर कुंकवाचं बोट. बाकीचे तिघंही मला विचारून गेले होते. त्यांनाही मी घरीच शोधायला लावलं होतं.

साडेचारला योगिताचं नाव यादीत चढलं. आणखी दोघांचंही. मी तिची माफी मागितली. ती फक्त म्हणाली, "मॅडम, आता पोच द्याल ना?"

चौथी फाईल कोपरच्या एका मुलीची होती. तिच्या विषयाची यादी आधीच गेली होती आणि तिचा प्रवेश पंधरा दिवसांपूर्वीच रद्द झाला होता. शेरा, 'कागदपत्रे सादर केली नाहीत.' खाली सही माझी.

मी तिला फोन केला. सगळं सांगितलं. पुन्हा प्रवेशासाठी स्वतः मुख्यालयात जाईन म्हटलं.

"नको मॅडम, लागले मी नोकरीला," ती म्हणाली. "म्हणजे मी दिलेले ना कागद? घरी सगळे मलाच बोलत होते."

मी तिच्या घरच्यांना लेखी पत्र पाठवलं. एवढंच हातात उरलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक कागदाला पोच सुरू झाली. दसऱ्याची पूजा मी निवृत्त होईपर्यंत केली, पण फक्त पंचिंग मशीनची.